दोरावरची पिवळी चिंधी

माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक जाडजूड दोर वेटोळं करून ठेवलेला आहे. घर तीनदा बदललं, दोर तिन्ही वेळा बरोबर आला. सून म्हणते, "आई, आता तरी टाकू या का हा? धूळ नुसती." मी म्हणते, "मी गेल्यावर टाक, मग विचारायलाही नको." त्या दोरावर बोटभर रुंदीच्या कापडी चिंध्या बांधलेल्या आहेत, काही एकमेकींना खेटून, काही लांब लांब. सगळ्या पांढऱ्या होत्या, आता सायीच्या रंगावर गेल्यात. एकच पिवळी आहे. ती मी बांधलेली.

दोर आमच्या लाँड्रीच्या विहिरीचा. लाँड्री सासूबाईंची. पुढे रस्त्याच्या बाजूला इस्त्रीची खोली, मागे फरशीचं अंगण, अंगणात विहीर, दोन सिमेंटच्या टाक्या, चादरी उकळायची भट्टी आणि वाळत घालायच्या चौदा तारा. गावातल्या लोकांचे कपडे यायचे, पण घर चालायचं ते इस्पितळाच्या चादरींवर. मंगळवारी आणि शनिवारी हातगाडी भरून जायची आणि भरून यायची. इस्पितळाच्या मेट्रनबाई चादर घडीतून काढून उजेडात धरून बघायच्या. सासूबाई ताठ उभ्या राहायच्या. सत्तावीस वर्षांत एकही चादर परत आली नव्हती, हे त्या मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चार वेळा सांगून मोकळ्या झाल्या.

दर महिन्याच्या एक तारखेला त्या विहिरीत बादली सोडायच्या. बादली पाण्याला टेकली की दोर सैल पडायचा. त्या क्षणी दोर काठावर जिथे असेल तिथे त्या चिंधी बांधायच्या. इस्पितळाने मोडीत काढलेल्या चादरींच्या त्या चिंध्या. ही पद्धत त्यांनी कुणाकडून घेतली नव्हती, आपली आपणच काढली होती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी नऊ हातांवर होतं. मी आले तेव्हा एकवीस हातांवर. मधल्या बारा हातांत सत्तावीस वर्षांच्या चिंध्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

आमचे हे खाणीत होते. कोळसा काढायला नव्हे, पाणी काढायला. जमिनीखाली कोळशाच्या बोगद्यांत चहूबाजूंनी पाणी झिरपत यायचं, ते उपसून वर फेकणारा पंप ह्यांच्या ताब्यात. आठ तास गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, म्हणून खाणीत ह्यांना 'पाणबुड्या' म्हणायचे. घरी आले की ह्यांचे पाय मनुकांसारखे सुरकुतलेले असायचे.

मला लहानपणापासून एक वाईट खोड. एखादी गोष्ट कुठून येते आणि कुठे जाते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा ह्यांच्या पायांना तेल लावता लावता मी विचारलं, "अहो, तुम्ही एवढं पाणी उपसता ते जातं कुठे?"

"नाल्यात."

"आणि येतं कुठून?"

"भिंतीतून."

"भिंतीत कुठून येतं?"

हे डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "तू खाणीत साहेब म्हणून लाग. ते एवढे प्रश्न विचारत नाहीत."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "माझा मुलगा तिकडे पाणी उपसून फेकून देतो, आणि माझी सून इकडे बादलीभर पाण्यासाठी कंबर मोडून घेते. जरा एकमेकांशी बोला रे, तुम्ही एकाच घरात राहता."

त्या थट्टेने बोलल्या. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं.

मग जुनी खाण बंद झाली. कोळसा संपला होता. गावाखालचे ते सगळे बोगदे सोडून दिले, पंप काढून नेला आणि ह्यांना तीन कोसांवरच्या नव्या खाणीत पाठवलं. आम्हाला वाटलं, चला, एवढंच झालं, डबा थोडा लवकर भरावा लागेल.

पण पाच-सहा महिन्यांनी एक तारखेला सासूबाईंनी बादली सोडली आणि हाक मारली, "ए, इकडे ये! पळत ये!" मला वाटलं, बादली तुटून पडली. जाऊन बघते तर दोर आधीच्या चिंधीच्या खूप आधी सैल पडला होता. एकोणीस हात. पुढच्या महिन्यात अठराला. वर्ष सरता सरता पाणी तेरा हातांवर आलं. सासूबाई त्या वयात अंगणात अशा फिरायच्या की जणू कुणीतरी त्यांना परत माहेरी नेऊन ठेवलं असावं. येईल त्याला काठावर नेऊन दोर दाखवायच्या. "हे बघा, माझं लग्न झालं तेव्हाच्या पाण्याला आता फक्त चार हात कमी!"

ह्यांना मी म्हटलं, "तुमचा पंप बंद झाला आणि आमचं पाणी वर आलं."

"म्हणजे इतकी वर्षं मी आईची विहीर पीत होतो म्हण की."

"मग काय तर."

हे हसले, पण मग स्वतःच्या पायांकडे बघत बसले.

चादरी पिवळ्या पडायला लागल्या त्या याच सुमाराला.

त्याआधी साबण फाटायला लागला. दूध फाटतं तसाच. पाण्यात घासला की फेसाऐवजी करड्या कण्या तरंगायच्या आणि चादरीला चिकटायच्या. सासूबाईंनी साबणवाल्याचा उद्धार केला, साबण बदलला. नवाही फाटला. मग एका मंगळवारी तारेवरच्या चादरींवर फिकट पिवळी झाक दिसली, जशी जुन्या कागदावर असते. लाँड्रीत एवढ्यावर कुणी घाबरत नाही. पिवळं दिसलं की ब्लिचिंग पावडर वाढवायची. मी मूठभर जास्त टाकली. चादरी आणखी पिवळ्या झाल्या. सासूबाईंनी दोन मुठी टाकल्या. चादरी अशा झाल्या की जणू त्यांच्यावर कुणी चहा सांडला असावा.

"तू पाण्यात काय टाकलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही टाकलंत तेच."

"तू यायच्या आधी सत्तावीस वर्षं टाकली, तेव्हा नाही झालं ते. तू आल्यापासून झालं."

पुढच्या खेपेला मी स्वतःच्या हुशारीने नीळ दुप्पट केली. नीळ पिवळेपणा झाकते, हे लाँड्रीतल्या कुणालाही माहीत असतं. थोडा पिवळेपणा झाकते. एवढ्या पिवळ्यावर निळं पडलं तर काय होईल, याचा विचार मी केला नाही.

मेट्रनबाईंनी चादर उजेडात धरली. ती हिरवट दिसत होती. मग म्हणाल्या, "आमचे पेशंट आधीच हिरवे-पिवळे पडलेले असतात. चादरी तरी पांढऱ्या द्या."

सासूबाईंच्या मानेवरची शीर हललेली मला दिसली.

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळ्या बेचाळीस चादरी गाडीवर परत ठेवायला लावल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी ह्याच चादरी मला पांढऱ्या हव्यात. शहरातली यंत्राची लाँड्री वर्षभर मागे लागली आहे, गाडी स्वतःची पाठवतो म्हणतात. मी तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय. शनिवारनंतर मला थांबवता येणार नाही."

येताना हातगाडी मी ढकलत होते, सासूबाई बाजूने चालत होत्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून टाकीला हात लावू नकोस. इस्त्री कर."

लाँड्रीतल्या बाईला टाकीवरून उठवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मला रडायला आलं नाही, राग आला. सासूबाईंचा नाही. पाण्याचा. हे पाणी करतंय काय, मला बघायचंच होतं.

बुधवारी सकाळी सासूबाई सोडा आणायला बाजारात गेल्या तेवढ्यात मी विहिरीतून तीन बादल्या पाणी काढलं. काचेसारखं स्वच्छ. एकीत साबण घातला, एकीत चिमूटभर ब्लिचिंग पावडर, एक तशीच ठेवली, आणि तिन्हींसमोर पाट टाकून बसले. साबण लगेच फाटला, ते ठाऊकच होतं. दुसऱ्या बादलीकडे बघते तर पाणी माझ्या डोळ्यांदेखत पिवळं झालं. कपडा नाही, साबण नाही, नुसतं स्वच्छ पाणी आणि पांढरी पावडर. मी पुन्हा एक तांब्याभर पाणी काढलं, पुन्हा पावडर टाकली. पुन्हा पिवळं. म्हणजे ज्याने चादरी पांढऱ्या व्हायच्या, त्यानेच पिवळ्या होत होत्या. मी एकटीच बसून मोठ्याने "अस्सं!" म्हणाले.

तिसरी बादली मी विसरले. दुपारी बघितलं तर तीही गढुळली होती, आणि संध्याकाळी तिच्या तळाला पिवळसर-तांबडा मऊ गाळ बसला होता. वरचं पाणी परत नितळ.

हे नव्या खाणीतून आले, हातपाय धुवायला अंगणात गेले आणि बादलीत वाकून म्हणाले, "हा बलक इथे कुठून आला?"

"काय म्हणालात?"

"बलक. अंड्यातला असतो ना पिवळा, तसा. जुन्या खाणीच्या बंद बोगद्यांतून जे पाणी यायचं ना, त्याच्या गटारात हाच साचायचा. आम्ही फावड्याने काढून टाकायचो. माझी पँट आठवत नाही का तुला? घासून घासून आईने फाडली होती."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

मी! मी विचारलं नव्हतं!

हे मग बादलीशेजारी उकिडवे बसले आणि पहिल्यांदाच माझ्यासारखे बोलू लागले. "कोळसा काढला की मागे भिंतींना हवा लागते. त्या दगडात पिवळी चमकणारी खडी असते, लोखंडाची. हवेने ती फुलते, पांढरी-पिवळी पूड सुटते. पंप चालू होता तोवर पाणी तिथे साठत नव्हतं. आता पंप बंद. बोगदे भरत आले असणार. ते सगळं विरघळवत पाणी वर चढतंय." ते थांबले. "म्हणजे आईचं पाणी परत आलंय ते सगळी खाण धुऊन आलंय."

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी फक्त म्हटलं, "चहा घ्या. आजही काळाच झालाय. ह्या चहाच्या पुडीलाही आता काही अर्थ राहिला नाही."

चहा खरंच दोन महिने काळा होत होता. आम्ही तीनदा पूड बदलली होती. मी कप उचलला. तपकिरी नव्हे, तांबूस नव्हे, काळा, त्यावर किंचित जांभळी छटा. असा रंग मी दुसरीकडे रोज बघत होते. इस्पितळाच्या कारकुनांच्या बाह्यांवर.

"आई," मी म्हटलं, "ही तर शाई आहे."

"डोकं फिरलं का तुझं?"

"माझे बाबा शाळेत शिपाई होते, तिथले गुरुजी झाडाची साल उकळून त्यात गंजलेले खिळे टाकून शाई करायचे. चहा म्हणजे सालीसारखाच तुरट की! खिळे ह्या पाण्यातच आहेत."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग कपाकडे. मी तोवर इस्त्रीच्या खोलीत पोचले होते. फळीवर एक पत्र्याचा डबा असायचा, वर कवटीचं चित्र. शाईचे डाग काढायची पूड. कारकुनांच्या बाह्यांसाठी ती आम्ही चिमटीने वापरायचो आणि मग कपडा चार पाण्यांतून काढायचो. मी चिमूटभर पूड आणून त्या चहात टाकली आणि ढवळलं.

काळा रंग विरला. कपात साधा तपकिरी चहा राहिला, जसा माझ्या लग्नाच्या वर्षी असायचा.

आम्ही तिघं कपात डोकं घालून उभे होतो. ह्यांनी हात पुढे केला तशी सासूबाईंनी फाडकन त्यावर चापट मारली. "पिऊ नकोस, मेल्या! विष आहे ते!"

गुरुवारी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "एक चादर घे. त्या पुडीने करून बघ. हात सांभाळ." टाकीला हात लावू नकोस हे त्यांनी मागे घेतलं नाही. मला टाकीपुढे उभं केलं, एवढंच.

कोमट पाण्यात पूड घातली, हातांना रबरी मोजे चढवले आणि चादरीचा एक कोपरा बुडवला. पाव तासाने काढला. कोपरा पांढरा, बाकीची चादर पिवळी. अशी स्पष्ट रेघ, जणू कुणी पट्टी ठेवून आखली. सासूबाई रेघेवरून बोट फिरवत राहिल्या.

"आणि धुवायचं कशात?" त्यांनी विचारलं. "खळबळायला पाणी हेच. परत पिवळं होईल."

हे खरं होतं. पण तिसऱ्या बादलीने मला उत्तर आधीच दिलं होतं. मी म्हटलं, "पावडर चादरीत नाही टाकायची. आधी पाण्यात टाकायची. होऊ दे त्याला पिवळं व्हायचंय तेवढं. रात्रभर टाकीत बसू दे, बलक तळाला जाईल. वरचं पाणी जुन्या चादरीतून गाळून दुसऱ्या टाकीत घ्यायचं, मग धुवायचं."

"आणि साबण?"

"आधी सोडा. मग साबण."

"इतकं करून मग धुणं कधी करणार?"

"उद्या."

सासूबाईंनी पदर खोचला. गुरुवारी दिवसभर आम्ही दोघी दोर ओढत होतो. पाणी तेरा हातांवर असल्याचा तेवढा फायदा. पहिली टाकी भरली, पावडर टाकली, चिमूटभर तुरटी फिरवली. टाकी मोहरीच्या रंगाची झाली. सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं सगळं मी माझ्या चादरींना पाजत होते." शुक्रवारी पहाटे टाकी नितळ होती, तळाला चार बोटं चिखल. गुरुवारची ती एक सोडून बाकी एक्केचाळीस चादरी आधी पुडीतून काढल्या आणि मग त्या पाण्यात धुतल्या. ह्यांनी सुट्टी काढली आणि पिळायला उभे राहिले. पाणबुड्याला कोरड्यावर काम करताना बघायला शेजारच्या बायका आल्या होत्या. मी संधी साधून प्रत्येकीला घरून कपभर कोरा चहा करून आणायला सांगितलं. तारांखाली फरशीवर अकरा कप ओळीने ठेवले. जुन्या खाणीच्या बाजूच्या घरांचे सात काळे. टेकडीकडच्या चौघींचे तांबूस. त्या बायका एकमेकींचे कप बघून पुन्हा आपल्याच कपात अशा वाकून बघायला लागल्या की मला हसू आवरलं नाही, आणि मग बरंही वाटलं नाही.

शनिवारी मेट्रनबाईंनी चादर काढली, उजेडात धरली. दुसरी काढली. तिसरी मधूनच ओढून काढली. सासूबाई ताठ उभ्या. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे.

"काय केलंत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मला वाटलं, सासूबाई म्हणतील, साबण बदलला. तसं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. लाँड्रीच्या पाण्यात खाण आहे, हे गिऱ्हाइकाला सांगणारी लाँड्रीवाली वेडीच. पण त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "सुनेला विचारा. तिने शोधून काढलं."

मी सांगितलं. बादल्या, बलक, चहा, सगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मेट्रनबाई चादर बघायच्या थांबल्या आहेत.

"चहा काळा होतो?" त्या म्हणाल्या.

"हो."

"जांभळट?"

"हो, बाई."

त्यांनी चादर गाडीवर ठेवली. "आमच्या स्वयंपाकीणबाईंना मी गेला महिनाभर बोल लावतेय. पातेली घासत नाहीत म्हणून. परवा त्या रडल्या."

मग मेट्रनबाई आत गेल्या, आणि आम्हाला दारातून त्यांचा आवाज ऐकू आला, "बाई, जरा बाहेर या. नाही नाही, रागवायला नाही बोलावलं."

इस्पितळाची विहीर त्याच आठवड्यात पिण्यासाठी बंद झाली आणि टेकडीकडून पिंपांतून पाणी यायला लागलं. खाणीचे एक साहेब आले, आमच्या विहिरीतून चार बाटल्या भरून घेऊन गेले. उत्तर कधी आलं नाही. यंत्राच्या लाँड्रीची गाडीही आली नाही. पुढची सहा वर्षं, गावात नळ येईपर्यंत, आम्ही एक दिवस पाणी धुतलं आणि दुसऱ्या दिवशी चादरी.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी घरी आलो तेव्हा महिन्याची एक तारीख होती, हे माझ्या लक्षातही नव्हतं. सासूबाईंच्या होतं. त्यांनी बादली सोडली. दोर सैल पडला. बारा हात. आणखी एक हात वर. नेहमी त्या इथे हसायच्या. त्यांनी दोर काठावर धरून ठेवला आणि मला म्हणाल्या, "बांध."

मी मोडीतल्या चादरींच्या गाठोड्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "त्यातली नको."

भट्टीच्या कठड्यावर ती चादर पडली होती, जिचा एक कोपरा मी गुरुवारी पांढरा केला होता. त्या एका चादरीच्या बदल्यात आम्ही इस्पितळाला नवीन दिली होती. सासूबाईंनी पिवळ्या भागातून बोटभर पट्टी टरकन फाडली आणि माझ्या हातात दिली.

"पाणी कुठे आहे ते मी बघत आले," त्या म्हणाल्या. "कसं आहे ते तू बघ."

मी गाठ मारली. सैल झाली, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून घट्ट केली. मग त्यांनी बादली वर ओढली, पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खिळे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कळलं कसं नाही मला?"